बुरशी झटकली तरी विष राहतेच!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. गावाकडून आमच्या थोरल्या बहिणीने भुईमुगाच्या शेंगांचे अर्धे पोते धाडले. सातारा जिल्ह्यात तिचे एवढेसे रान आहे. स्वतःच्या मुलांच्या तोंडचे काढून तिने भावाला पाठविलेल्या त्या शेंगा! आमची मुंबईतली खोली दहा बाय बाराची, वर पत्रे. पोते ठेवायला जागा कुठली? कॉटखाली सरकवले आणि विसरलो. सकाळी ऑफिस, संध्याकाळी वस्तीतली कामे, यात दोन महिने कुणाचे तिकडे लक्ष गेले नाही. एका रविवारी साफसफाईसाठी कॉट ओढली तेव्हा बुरसट वास आला. भिंतीतून झिरपलेल्या पाण्याने पोत्याची एक बाजू ओली झाली होती. शेंगा काळवंडलेल्या, फोडून पाहिल्या तर दाण्यांवर हिरवट-पिवळी भुकटी.

आमच्या पत्नी म्हणाल्या, "आत्या, हे आता खाण्यासारखं राहिलं नाही. टाकून देते."

आईचा आवाज चढला. "टाकून देतीस? लेकीनं उन्हातान्हात राबून पिकवल्यात त्या शेंगा. ऊन दावू, भाजू, चटणी करू. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही काय काय खाल्लं, तुमास्नी काय ठावं?"

आम्ही आईची बाजू घेतली. "भाजल्यावर कसली बुरशी राहते?" असे ठणकावून सांगितले. बी.कॉम. झालेला माणूस बोलतो म्हटल्यावर पत्नी गप्प बसल्या. शेंगा धुतल्या, वाळवल्या, भाजल्या, चटणी कुटली. आठवडाभर ती चटणी आमच्या आणि मुलांच्या डब्यात होती. थोडी कडवट लागत होती, पण लसूण जास्त पडला असेल अशी आम्ही स्वतःची समजूत घातली.

पुढे वस्तीत आरोग्य तपासणीचे शिबिर झाले. आलेल्या डॉक्टरांना आम्ही बोलता बोलता हा किस्सा सांगितला. वाटले, ते हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "भाजल्यानं बुरशी मरते. तिनं दाण्यात सोडलेलं विष मरत नाही. ते लिव्हरवर जातं."

घरी कुणाला काही झाले नाही. परंतु ते वाक्य डोक्यातून जाईना. ज्या आत्मविश्वासाने आम्ही पत्नींना गप्प केले, तो सगळा अज्ञानाचा होता. मग मिळेल तिथून माहिती गोळा केली, जाणकारांना विचारले, आणि जे समजले ते आपल्या आयाबहिणींसमोर मांडावे असे वाटले. कारण ओल धरलेले धान्य कुणाच्या घरात असते? पत्र्याखाली राहणाऱ्यांच्या, रेशनवर जगणाऱ्यांच्या आणि अन्न टाकायला जीव न होणाऱ्यांच्या घरात.

लाखभर पक्षी मेले तेव्हा

धान्यावरची बुरशी माणसाला शेतीइतकीच जुनी. तिच्यातल्या एका मोठ्या विषाचा छडा मात्र १९६० नंतर लागला. त्या वर्षी इंग्लंडमध्ये टर्की नावाच्या, मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या कोंबडीवर्गातल्या पक्ष्यांची एक लाखावर पिल्ले अचानक मेली. रोग कोणता ते कळेना. जंतू सापडेना. शोध घेता घेता गाडी त्यांच्या खाद्यापाशी आली. ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड त्यांच्या खाद्यात होती आणि त्या पेंडीला बुरशी लागलेली होती. बुरशीचे नाव अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस. त्या नावावरूनच तिच्या विषाला 'अफ्लाटॉक्सिन' हे नाव पडले.

ही बुरशी उष्ण आणि दमट हवेत फोफावते. शेंगदाणा, मका, सरकी, सुकी मिरची, सुके खोबरे ही तिची आवडती ठिकाणे. म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्याच वस्तू.

पंचमहालचे आदिवासी

पक्ष्यांचे झाले ते झाले, पण माणसांचे? त्याचे उत्तर आपल्या शेजारच्याच राज्यांत मिळते.

१९७४ सालच्या ऑक्टोबरपासून गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा या लागून असलेल्या जिल्ह्यांत काविळीची साथ सुरू झाली. तेव्हा दाहोदचा भागही पंचमहालातच होता. आधी ताप, उलट्या, अन्नावरची वासना जाणे; मग डोळे पिवळे, पायांवर सूज, पोटात पाणी. रोगी बहुतेक भिल्ल आदिवासी. आपल्या नंदुरबार-धुळ्याच्या डोंगरात राहतो तोच हा समाज. ३९७ जण आजारी पडले आणि त्यातले १०६ दगावले. म्हणजे चार रोग्यांमागे एकाहून अधिक मृत्यू!

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे शास्त्रज्ञ तिथे गेले. नेहमीची संसर्गाची कावीळ असती तर ती घरोघर पसरली असती. इथे तसे नव्हते. ज्या घरांत मका हेच मुख्य अन्न होते, त्याच घरांत रोग होता. आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. त्या घरांतले उष्टे-खरकटे खाणारे कुत्रेही तसेच पोट फुगून मेले होते. माणूस आणि कुत्रा यांना एकाच वेळी एकच आजार होतो तेव्हा संशय अन्नावर जातो.

त्या वर्षी मका काढणीला आला असताना अवकाळी पाऊस झाला होता. कणसे शेतातच भिजली. ती नीट न वाळवता घरात भरली गेली आणि बुरशी लागली. लोकांना ते दिसत नव्हते का? दिसत होते. पण दुसरे धान्य घरात नव्हते, विकत घ्यायला पैसा नव्हता. म्हणून तोच मका दळला, त्याचीच भाकरी केली. तपासलेल्या मक्यात किलोमागे सव्वासहा ते साडेपंधरा मिलिग्रॅम अफ्लाटॉक्सिन सापडले. आज आपल्या देशात अन्नधान्यासाठी कायद्याची मर्यादा किलोला १५ मायक्रोग्रॅम आहे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. म्हणजे ते लोक आजच्या मर्यादेच्या चारशे ते हजार पट विष असलेली भाकरी महिनाभर खात होते.

हे तिथेच संपले नाही. तीस वर्षांनी, २००४ साली, आफ्रिकेतल्या केनिया देशात हेच झाले. तिथेही मका, तिथेही ओल, तिथेही गरीब शेतकरी कुटुंबे. ३१७ जण आजारी आणि १२५ मृत्यू. देश बदलला, भाषा बदलली, पण ओला मका आणि रिकामा खिसा तोच राहिला.

शरीराचे आवक-जावक टेबल

आता हे विष पोटात गेल्यावर करते काय? आम्ही कॉमर्सचे विद्यार्थी आणि पोटासाठी कारकुनी करणारे. म्हणून आमच्या भाषेतच सांगतो.

आपण खातो ते अन्न शरीर फोडते, त्यातून रक्त, मांस, शक्ती तयार करते आणि नको ते बाहेर टाकते. या सगळ्या जमा-खर्चाला चयापचय म्हणतात. या कारभाराचे मुख्य टेबल म्हणजे यकृत, ज्याला आपण लिव्हर म्हणतो. सरकारी कचेरीत जसे आवक-जावकचे टेबल असते, बाहेरून आलेला प्रत्येक कागद आधी तिथे येतो, नोंद होते, शिक्का बसतो, मग तो पुढच्या खात्याकडे जातो. तसेच आतड्यातून शोषलेले अन्न रक्तावाटे आधी यकृतात येते. साखर साठवायची, चरबी पुढे पाठवायची, रक्तातली प्रथिने तयार करायची, पित्त बनवायचे आणि विषारी पदार्थ निकामी करून बाहेर घालवायचे, ही सगळी कामे यकृताची.

अफ्लाटॉक्सिन याच वाटेने यकृतात पोहोचते. अनोळखी पदार्थ आला की यकृतातली विकरे त्याला प्राणवायूचा एक कण जोडतात. तो पाण्यात विरघळावा आणि लघवीवाटे निघून जावा, हा त्यामागचा हेतू. शंभर पदार्थांच्या बाबतीत ही युक्ती चालते. अफ्लाटॉक्सिनच्या बाबतीत मात्र ती उलटते. प्राणवायू जोडला की हे विष पहिल्यापेक्षा कितीतरी जहाल होते आणि जवळ जे सापडेल त्याला चिकटते. शिक्का मारणाऱ्या कारकुनानेच चोराच्या हातात ओळखपत्र द्यावे, तसा हा प्रकार.

हे जहाल झालेले विष दोन ठिकाणी जाऊन बसते. पहिले ठिकाण म्हणजे पेशीतली प्रथिने. विषाची मात्रा मोठी असेल तर यकृताचे प्रथिने बनविण्याचे काम मंदावते. रक्तातले अल्ब्युमिन नावाचे प्रथिन कमी पडले की रक्तातले पाणी नसांबाहेर झिरपते आणि पाय सुजतात, पोटात पाणी साचते. रक्त गोठविणारी प्रथिने कमी पडली की रक्तस्राव होतो. पित्ताची वाट बिघडली की ते रक्तात उतरते आणि डोळे पिवळे होतात. चरबी पुढे न जाता यकृतातच साठू लागते. पंचमहालच्या रोग्यांची सुजलेली पोटे आणि पिवळे डोळे हा या बंद पडलेल्या टेबलाचाच परिणाम होता.

दुसरे ठिकाण आणखी धोक्याचे. ते म्हणजे पेशीच्या गाभ्यातला डीएनए. शरीर कसे बनवायचे याची मूळ प्रत तिथे असते. विष त्या मूळ प्रतीला चिकटले की पुढची नक्कल काढताना चूक होते. पी-५३ नावाचे एक जनुक पेशींच्या बेफाम वाढीला आवर घालते. चीन आणि दक्षिण आफ्रिकेतल्या यकृताच्या कर्करोगाच्या रोग्यांत नेमक्या याच जनुकात एका ठरावीक जागी चूक झालेली १९९१ साली शास्त्रज्ञांना आढळली. पहारेकरीच झोपला तर वस्तीचे काय होईल?

शरीर अगदीच हतबल असते असे मात्र नाही. ग्लुटाथायोन नावाचा एक पदार्थ यकृतात असतो. तो या जहाल विषाला पकडून निरुपद्रवी करतो आणि बाहेर पाठवितो. म्हणूनच एखाद-दुसरा बुरसट दाणा खाल्ल्याने माणूस मरत नाही. घाबरून जाण्याचे कारण नाही. पण शिलकीपेक्षा खर्च रोजच जास्त होऊ लागला तर दिवाळे निघणारच.

थोडे थोडे, पण रोज

पंचमहालसारखी साथ क्वचित येते आणि तिची बातमी होते. रोज थोडे थोडे विष पोटात जाते त्याची बातमी होत नाही. माणूस चालतो-फिरतो, कामावर जातो. पंधरा-वीस वर्षांनी पोटात गाठ निघते आणि तेव्हा उशीर झालेला असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने अफ्लाटॉक्सिनला माणसात निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले आहे. तंबाखूचा धूरही त्याच गटात आहे.

ज्याच्या अंगात हिपॅटायटिस 'बी' या काविळीचा विषाणू आहे त्याला तर धोका फारच मोठा. चीनमधल्या शांघाय शहरात अठरा हजारांवर पुरुषांच्या तपासणीत असे दिसले की, ज्यांच्या शरीरात अफ्लाटॉक्सिनही होते आणि हा विषाणूही होता, त्यांना यकृताच्या कर्करोगाचा धोका दोन्ही नसलेल्यांच्या सुमारे साठ पट होता. एक आणि एक दोन होत नाहीत, अकरा होतात, त्यातलीच गत.

लहान मुलांचे काय? पश्चिम आफ्रिकेतल्या बेनिन आणि टोगो या देशांत नऊ महिने ते पाच वर्षांच्या ४८० मुलांचे रक्त तपासले गेले. २००२ साली त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जी मुले वयाच्या मानाने बुटकी आणि कमी वजनाची होती, त्यांच्या रक्तात या विषाच्या खुणा इतर मुलांपेक्षा जास्त होत्या. अंगावरचे दूध सुटून धान्याची पेज सुरू झालेल्या मुलांत त्या वाढलेल्या दिसल्या. मूल खुंटण्याची कारणे अनेक असतात. सगळा दोष बुरशीवर टाकता येणार नाही. पण बाळाच्या पेजेचे धान्य घरातले सर्वांत चांगले असावे, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

यात आशेचीही एक गोष्ट आहे. चीनमध्येच चिडोंग नावाचा भाग यकृताच्या कर्करोगासाठी कुप्रसिद्ध होता. तिथले लोक मका खात. १९८० नंतर ते हळूहळू तांदळाकडे वळले. पुढे त्यांच्या रक्तातले अफ्लाटॉक्सिन जवळजवळ नाहीसे झाले आणि या कर्करोगाचे मृत्यूही लक्षणीय घटले. म्हणजे हा रोग कुणाच्या कपाळी लिहिलेला नाही. ताटातले धान्य बदलले की तोही बदलतो.

ज्वारी-गव्हाचे काय?

"आम्ही मका खात नाही," असे कुणी म्हणेल. पण बुरशी एकाच जातीची नसते. १९९५ साली दख्खनच्या पठारावर आंध्र आणि कर्नाटकातल्या २७ खेड्यांत अवकाळी पावसाने भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन लोकांना पोटदुखी आणि हगवण लागली. त्या धान्यात फ्युमोनिसिन नावाचे दुसरेच विष निघाले. पेशींचे आवरण ज्या खास चरबीचे बनते तिची घडण हे विष अडविते. धान्य बदलल्यावर लोक बरे झाले. १९८७ साली काश्मीर खोऱ्यात पावसात भिजून बुरसलेल्या गव्हाच्या पिठाची रोटी खाऊन लोकांचे पोट दुखले, घसा खवखवला, जुलाब झाले. तिथे आणखी वेगळ्या बुरशीची विषे सापडली. तेव्हा ज्वारी असो, गहू असो की मका, ओले धान्य हे धोक्याचे धान्य, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

आपल्या घरातले गैरसमज

आम्ही स्वतः ज्या चुका केल्या, त्याच येथे सांगतो.

'धुतले की जाते.' वरची भुकटी धुतली जाते. विष दाण्याच्या आत असते आणि ते पाण्यात फारसे विरघळत नाही.

'ऊन दाखविले की जाते.' उन्हाने ओल जाते, नवी बुरशी धरत नाही. आधी तयार झालेले विष पुरते जात नाही.

'भाजले, शिजवले की जाते.' अफ्लाटॉक्सिन दोनशे अंशांपुढची उष्णताही सहन करते. भात, वरण शंभर अंशांवर शिजते. भाकरीच्या आतही त्याहून जास्त उष्णता पोहोचत नाही. शेंगदाणे भाजल्याने थोडे विष कमी होते, पण त्यावर विसंबता येत नाही.

'आपण नको, कोंबडीला घालू, गाईला घालू.' कोंबड्या-बदकांना हे विष फार लवकर बाधते. दुभत्या जनावराने बुरसट पेंड खाल्ली तर विषाचा एक भाग रूप बदलून दुधात उतरतो आणि ते दूध शेवटी आपल्याच लेकराच्या पेल्यात येते.

'बुरशी दिसत नाही, म्हणजे धान्य चांगले.' हेही पुरते खरे नाही. काही वेळा बुरशी झडून जाते आणि विष मागे राहते. म्हणून नुसत्या डोळ्यांवर न जाता वास, चव आणि ओलही पाहावी.

सूप, सावली आणि पत्र्याचा डबा

मग उपाय काय? प्रयोगशाळा आपल्या दारात नाही. पण आपल्या आजीच्या हातात जे सूप होते ते आजही मोठे शस्त्र आहे. हे विष सगळ्या पोत्यात सारखे पसरलेले नसते. थोड्याच दाण्यांत ते एकवटलेले असते. सुरकुतलेले, काळपट, रंग उडालेले, किडलेले, फुटके दाणे निवडून काढले तर विषाचा मोठा भाग त्यांच्याबरोबर निघून जातो. म्हणून निवडणे-पाखडणे हे रिकाम्या वेळचे काम समजू नका. ते एकट्या बाईच्या गळ्यात घालू नका. घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनीही ताट घेऊन बसावे. मात्र निवडून काढलेले दाणे फेकायचेच. आणि सगळ्या पोत्यालाच बुरसट वास येत असेल, तर निवडण्याच्या फंदातही पडू नये.

शेंगदाणा तोंडात टाकल्यावर कडू लागला तर थुंकून टाकावा. 'अन्न थुंकू नये' ही शिकवण अशा वेळी बाजूला ठेवावी. स्वस्त मिळतो म्हणून काळपट दाण्यांचा चुरा किंवा तयार कूट घेऊ नये. कुटात खराब दाणा ओळखूच येत नाही. थोडे घ्यावे, अख्खे घ्यावे, घरी कुटावे.

गावाकडच्या भावंडांनाही दोन गोष्टी कळवाव्यात. भुईमूग उपटल्यावर शेंगा वर येतील अशी झाडे उलटी करून वाळवावीत. शेंग हलविली की आतला दाणा वाजला पाहिजे. फोडायला सोप्या जाव्यात म्हणून शेंगांवर पाणी शिंपडतात, ती पद्धत सोडून द्यावी. ओल तिथूनच शिरते. मका किंवा ज्वारी उघड्या जमिनीवर न पसरता ताडपत्रीवर पसरावी आणि पोते भिंतीपासून दूर फळीवर ठेवावे.

धान्य वाळले की नाही हे पाहण्याची एक सोपी युक्ती आहे. कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर धान्य आणि चमचाभर कोरडे मीठ घाला. झाकण लावून चांगले हलवा आणि थोडा वेळ ठेवा. मीठ बाटलीच्या काचेला चिकटले तर धान्यात ओल आहे, आणखी ऊन द्यायला हवे. चिकटले नाही तर पत्र्याच्या घट्ट डब्यात भरायला हरकत नाही. शहरात जागा नसलेल्यांनी पावसाळ्यात महिन्याभराचेच धान्य घ्यावे.

आणखी दोन गोष्टी यकृतासाठी. बाळ जन्मल्यावर चोवीस तासांच्या आत हिपॅटायटिस 'बी'ची लस सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. पुढचे डोस सहा, दहा आणि चौदा आठवड्यांना. ते चुकवू नका. आणि घरात कुणाचे डोळे पिवळे झाले तर काविळीची माळ घालणे, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन कावीळ उतरविणे, असल्या प्रकारांत एकही दिवस घालवू नका. सरळ दवाखाना गाठा, रक्त तपासून घ्या. ज्याला दारूची सवय आहे त्याला हेही सांगा की, त्याच्या यकृतावर आधीच एक कर्ज चढलेले आहे.

रेशनच्या दुकानात

घरात कितीही काळजी घेतली तरी पोत्यातच खराब माल आला तर? आमच्या वस्तीत एका पावसाळ्यात रेशनच्या गव्हात ढेकळे निघाली. दाणे एकमेकांना चिकटलेले, वास कुबट. बायका बोलल्या तर दुकानदाराचे उत्तर, "घ्यायचं तर घ्या, नाहीतर राहू द्या." कित्येकींनी नेलेही, कारण त्या दिवशी घरात पीठ नव्हते. रात्री विहारात पंधरा-वीस जणी जमल्या. आम्ही अर्ज लिहिला, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले, गव्हाचा नमुना दोन पिशव्यांत बांधला, एक अर्जासोबत दिला आणि एक जवळ ठेवला. पोचपावती घेतली. चार चकरा माराव्या लागल्या, पण गहू बदलून मिळाला. ज्यांनी आधीच दळून खाल्ला होता त्यांना मात्र काहीच मिळाले नाही.

म्हणून सांगतो, धान्य पिशवीत पडण्याआधी पाहा. विक्रीच्या धान्याचा नमुना दुकानात दिसेल असा ठेवणे दुकानदारावर बंधनकारक आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्रत्येक दुकानासाठी दक्षता समिती सांगितली आहे. आपल्या दुकानाच्या समितीवर कोण आहे हे विचारा आणि आपल्यातल्या दोन बायका तिथे जातील असे पाहा. तक्रारीसाठी १९६७ हा फोन नंबर आहे. रेशन ही कुणाची मेहेरबानी नव्हे, तो कायद्याने दिलेला हक्क आहे. आणि हक्काचे धान्य म्हणजे खाण्यालायक धान्य.

आईचे म्हणणे

ही सगळी माहिती आम्ही एका रात्री आईला समजावून सांगितली. पंचमहालचे ऐकून ती बराच वेळ बोलली नाही. बहात्तरच्या दुष्काळात ती नुकतीच सासरी आली होती. रोजगार हमीवर खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलो नावाच्या परदेशी तांबड्या ज्वारीच्या भाकरी थापल्या. ज्या माणसाने असे दिवस काढले, त्याच्या हातून दाणा टाकला जात नाही. ही कंजुषी नव्हे, ती आठवण आहे. तिला हसण्याचा आपल्याला अधिकार नाही.

शेवटी ती म्हणाली, "तवा दुसरं नव्हतं म्हणून खाल्लं. आता हाय तर लेकरास्नी कशाला घालायचं?"

उरलेल्या शेंगांचे पोते दुसऱ्या दिवशी तिनेच बाहेर काढायला लावले. पत्नींची आम्ही माफी मागितली. त्या एवढेच म्हणाल्या, "त्या दिवशी मीही तेच सांगत होते." यावर बोलण्यासारखे आमच्याकडे काही नव्हते. बहिणीला फोन करून सगळे सांगितले, उलटी झाडे वाळविण्याचेही सांगितले. या वर्षी शेंगा आल्या त्या खडखडीत वाळलेल्या. आई रोज दुपारी सूप घेऊन बसते. खराब दाणा बाजूला काढताना तिचा हात अजूनही क्षणभर थांबतो. पण ती काढते.

वाचक बंधू-भगिनींनो, आज संध्याकाळी आपल्या घरातला धान्याचा डबा उघडून एकदा वास घेऊन पाहा. एवढे केलेत तरी हा लेख लिहिल्याचे सार्थक झाले असे आम्ही समजू.